मद्रासहून परतलेली मणी

धुळ्यात तेलुगू विणकरांची एक गल्ली होती. त्यांचे आजे-पणजे कधीकाळी करीमनगरकडून पोटामागे इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात तेलुगू, दारात अहिराणी आणि शाळेत मराठी अशी त्या गल्लीतली पोरं वाढायची. नागमणी बोल्ली त्यांच्यातलीच. बाप नरसय्या मागावर लुगडी विणायचा, आई त्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. घरात मागाच्या खडखडाटापुढे बोलणंच ऐकू यायचं नाही, म्हणून मणीचा बराचसा दिवस शेजारच्या धुरपदाबाईच्या ओट्यावर जाई. धुरपदाबाई विधवा होती, एकटी होती आणि तिला बोलायला माणूस लागायचं.

१९८० साली मद्रासच्या मामीचं बाळंतपण आलं आणि मणी मदतीला गेली. मामा तिथल्या एका फिल्म स्टुडिओत कपडे शिवायचा. एकदा ती त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेली, तर तिथे सगळे खोळंबून बसलेले. नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी तापानं पडली होती आणि तिचे कपडे मात्र शिवून तयार होते. दिग्दर्शकानं मणीकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं.

"ही कोण?"

"भाची आहे. धुळ्याची."

"घालून बघ म्हणावं."

कपडे तिच्या अंगावर असे बसले, की मामाला एक टाकासुद्धा घालावा लागला नाही. बाळंतपण आटोपलं, मामी हिंडू-फिरू लागली, पण मणी काही परतली नाही. धुळ्याला निरोप आला, की पोरगी सिनेमात काम करते, तिचं नाव आता ज्योतिलेखा आहे आणि काळजीचं कारण नाही.

काळजीचं कारण नव्हतंच. काम मिळत गेलं. कधी नायिकेची बहीण, कधी मैत्रीण, कधी मध्यंतराच्या आधी विहिरीत जीव देणारी धाकटी सून. तिचे डोळे मोठे होते आणि रडायला लागली की समोरचा कॅमेरावालासुद्धा डोळे पुसायचा. अडचण एकच होती. पहिल्याच दिवशी 'सगळे जण आले' असं तेलुगूत सांगताना ती मधेच अहिराणीतलं 'बठ्ठा' म्हणून गेली आणि सेटवर हशा पिकला. तिची तेलुगू तीन पिढ्या खान्देशात मुरलेली; तिथल्या लोकांना ती धड परकी वाटेना, धड आपली वाटेना. मग ठरूनच गेलं. ज्योतिलेखानं ओठ हलवायचे आणि नंतर सरोजा नावाच्या बाईनं अंधाऱ्या खोलीत बसून तिचं सगळं बोलणं भरायचं. हळूहळू मणीनं संवाद पाठ करणंही सोडलं. बोलायचं म्हणून काहीतरी बोलायचं, चेहरा मात्र अचूक ठेवायचा.

एका गणपतीत ती घरी आली, तेव्हा गल्लीतल्या पोरांनी सोलापूरहून तिच्या सिनेमाची कॅसेट मागवली आणि भाड्याचा व्हिडिओ लावला. सतरंजीवर सगळी गल्ली बसली. आईला मधोमध खुर्ची दिली होती. पडद्यावर मणी आली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. आई मात्र पुढे वाकून बघत राहिली आणि थोड्या वेळानं शेजारणीला म्हणाली, "तोंड माझ्या मणीचं आहे. बोलतंय कोण?"

कोणीतरी तिला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली, पण पुढचा सिनेमा तिनं बघितला नाही. पदरानं चष्मा पुसत राहिली. मणी मागच्या रांगेत उभी होती. तिला त्या बोलण्याचा राग आला नाही, पण ते तिच्या मनातून गेलंही नाही. मद्रासला परतल्यावर तिनं स्वतःच्या आवाजासाठी दिग्दर्शकांना विचारून पाहिलं. एकानं चाचणी घेतली आणि मायेनंच सांगितलं, "तू नुसती दिसत जा, बाळ. बोलण्याचं आम्ही बघतो."

सत्ताविशी लागली, तशा बहिणीच्या भूमिका दुसऱ्या मुलींकडे गेल्या. तिला नायकाची आई व्हायला बोलावलं. नायक तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. केसांना पांढरं लावून तिनं तीही दोन कामं केली. त्यातच निरोप आला, की आई मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. वडील तोवर गेले होते. मणी धुळ्याला आली ती महिनाभरासाठी म्हणून. आईला उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची, यात पावसाळा सरला. मद्रासहून कोणी बोलावलं नाही आणि आपल्यालाही त्या बोलावण्याची वाट बघायची नाही, हे तिचं तिलाच एक दिवस कळलं. त्या दिवशी तिनं मद्रासची ट्रंक उघडून साड्या उन्हात घातल्या.

धुरपदाबाईचा भाचा लोटन जळगावच्या आकाशवाणीवर नाटकं लिहायचा आणि बसवायचाही. मावशीकडे आला असता त्याला आतल्या खोलीतून दोन बायकांचं भांडण ऐकू आलं. तो घाईनं आत गेला, तर भांडण-बिंडण काही नव्हतं. मणी एकटीच दोन्ही आवाज काढून नळावरचा तंटाबखेडा धुरपदाबाईला सांगत होती आणि धुरपदाबाई पोट धरून हसत होती.

"अक्का, रेडिओवर याल?" लोटननं तिथंच विचारलं.

"माझा आवाज चालत नाही, लोटनभाऊ."

"कोणाला चालत नाही?"

मद्रासला चालला नव्हता, पण इथं तो अजून कोणी नाकारला नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं. ती एसटीनं जळगावला गेली, ऑडिशनला बसली आणि नापास झाली. काचेपलीकडच्या साहेबांना नुसतं तुटक बोलणं आणि मधली लांबलचक शांतता ऐकू आली. त्या शांततेत मणीचे डोळे भरून आले होते, ओठ थरथरले होते, पण माइकला ते कसं कळावं?

बाहेर आल्यावर लोटन म्हणाला, "तुम्ही तोंडानं सोडून बाकी सगळ्यानं बोलता, अक्का. पुन्हा या."

परत येताना तिला बसमध्ये रडू आलं नाही, उलट जरा हुरूप आला. इतक्या वर्षांत कोणी तिला आवाजातली चूक दाखवली नव्हती; आवाजच नको म्हटलं होतं. तिनं धुरपदाबाईला गुरू केलं. म्हातारी तिच्याकडे पाठ करून बसे आणि मणी तिला गोष्ट सांगे. "आते रडनी का हासनी, माले नही समजनं," असं धुरपदाबाई म्हणाली, की मणी तेच वाक्य पुन्हा म्हणायची. पुढच्या साली ती पास झाली.

मग लोटननं तिच्यासाठी सुंदरबाई लिहिली. तापीकाठच्या गावातली कारभारीण, तिखट जिभेची आणि मऊ काळजाची. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात आठवड्यातून एकदा ती यायची, नवऱ्याला फवारणी शिकवायची, सरपंचाला फैलावर घ्यायची, सुनेची बाजू घेऊन मुलाला झापायची. मणीनं तिला धुरपदाबाईचा हेल दिला आणि भांडताना दम घ्यायची लकब मागावरच्या बायकांची दिली. काम वाढलं, तशी ती आईला घेऊन जळगावला पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहायला आली. लग्नाचं एक-दोघांनी विचारलं. तिनं नाही म्हटलं, त्यावर फार चर्चा केली नाही.

आई अंथरुणाला खिळली होती, पण कार्यक्रमाच्या दिवशी ट्रान्झिस्टर उशाशी ओढून घ्यायची. अहिराणीत चाललेल्या भांडणाला तेलुगूत उत्तरं द्यायची. "बरोबर बोलली. अजून बोल त्याला," म्हणायची. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आधीच झालेलं असल्यानं मणी शेजारीच भाजी निवडत बसलेली असे. आईला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

त्र्याण्णव साली मद्रासहून चाचणी घेणाऱ्या त्या जुन्या दिग्दर्शकाचा फोन आला. घरमालकाकडे तो घ्यायला मणी जिना उतरून गेली. आईची मोठी भूमिका होती, पैसाही बरा होता.

"आवाज माझा ठेवाल का?" तिनं विचारलं.

पलीकडे तो जरासा हसला. "तू अजून तशीच आहेस. सरोजाशी मी बोलून ठेवलंय."

"सरोजाअक्कांना माझा नमस्कार सांगा," मणी म्हणाली. मग तिनं त्याच्या घरच्यांची चौकशी केली, मामाची खुशाली विचारली आणि दुसऱ्या कोणाला तरी घ्या म्हणून फोन ठेवला. जिना चढताना तिला थोडं वाईट वाटलं. ते दोन-तीन दिवस टिकलं.

त्याच हिवाळ्यात आकाशवाणी केंद्राचा कार्यक्रम सोनगीरला ठेवला होता, गावकऱ्यांच्या समोर. सुंदरबाई येणार म्हणून बाया लवकर स्वयंपाक उरकून आल्या होत्या. लोटननं नाव पुकारलं आणि मणी मंचावर आली. गोरी, उंच, शेलाटी, डोळ्यांत मद्रासचं काजळ. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. तानुबाई नावाची एक म्हातारी सरळ उठून उभी राहिली.

"हाई सुंदरबाई नही शे," ती म्हणाली. "आमन्ही सुंदरबाई काळी शे, जाडी शे. हाई कोन्ही सिनेमानी बाई शे."

लोटन गडबडला. मणीला मात्र हसू आलं, कारण म्हातारी दोन्ही बाजूंनी खरं बोलत होती. ती मंचावरून खाली उतरली आणि तानुबाईच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली. मग सुंदरबाईच्या आवाजात तिनं नवऱ्याची खरडपट्टी काढायला सुरुवात केली. तानुबाईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग डोळे मिटून घेतले. हळूहळू तिच्या तोंडभर हसू पसरलं. कार्यक्रम असा खालीच बसून झाला; माइक लोटननं हातात धरला होता. शेवटी तानुबाईनं तिचा दंड चाचपून पाहिला आणि जेवून जायला सांगितलं. "जरासं अंग धर," म्हणाली.

आई पुढे दोन वर्षांनी गेली, धुरपदाबाई त्यानंतर. सुंदरबाई चालू होती. नव्या मुली आकाशवाणीवर यायच्या, तेव्हा साहेब त्यांना मणीअक्कांकडे पाठवत. ती त्यांना मेहरूणच्या तलावाकाठी फिरायला न्यायची, आपण दोन पावलं पुढे चालायची आणि मागे न बघता म्हणायची, "हं, सांग आता. काय झालं काल घरी?"