चंद्राला ओवाळलेला भाऊ

नोकरीतली बरीचशी प्रकरणे मी विसरलो. हे एक मात्र डोक्यातून जात नाही, आणि याची नोंद कुठल्याच ठाण्यात नाही. निवृत्तीनंतर मी मुलीकडे जपानला, ग्योतोकुला राहायला निघालो होतो. निघताना आत्याने मला बाजूला घेतले.

"तुझा मामा तिथं आहे की गेला, एवढंच बघून ये," ती म्हणाली.

हा मामा म्हणजे माझ्या आईचा चुलतभाऊ. आईला सख्खा भाऊ नव्हता, त्यामुळे तिला तोच काय तो भाऊ. तरुणपणी तो संशोधनासाठी जपानातल्या त्सुकुबाला गेला. जाण्याआधी त्याची आणि आत्याची सुपारी फुटली होती. परत आला की लग्न, असे ठरले होते. मग 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत तो तिथेच राहिला. सुरुवातीला एकदोनदा येऊन गेला, नंतर दिवाळीला नुसता फोन. आत्या शाळेत शिकवत राहिली, सांगून आलेली स्थळे तिने परतवली आणि आमच्याच घरात म्हातारी झाली.

तिकडे तो मोठा भूकंप झाला आणि समुद्र आत आला, तेव्हा मी परजिल्ह्यात नेमणुकीवर होतो. आईने फोनवर सांगितले की मामा कामासाठी किनाऱ्याकडे गेला होता, त्याचा पत्ता नाही. तोवर भाऊबीजेला आई पाटावर मामाचा जपानला जातानाचा फोटो ठेवून ओवाळायची. त्या वर्षी फोटो कपाटात गेला. आई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळू लागली, भाऊ नसलेली बाई ओवाळते तशी. तबक आत्या धरायची. एरवी साक्षीदाराचा शब्द न् शब्द पडताळणारा मी, आईचा जबाब मात्र जसाच्या तसा धरून बसलो. पुढे आईही गेली.

खबर मिळाली ती ग्योतोकुच्या गणपतीत. मराठी मंडळींनी हॉल घेतला होता. तिथे त्सुकुबात संशोधन करणारी एक मुलगी सगळ्यांना अळूवड्या वाढत होती.

"अळू इथं कुठं मिळालं?" मी विचारले.

"आमच्याकडे एक आजोबा आहेत ना काका, ते लावतात. जपानी लोक खालचे कंद खातात आणि पानं टाकून देतात, म्हणून त्यांना फार राग येतो. एकदम भारी माणूस! आम्हा सगळ्यांना 'काय राजे' म्हणूनच हाक मारतात."

लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरवणारा मामा 'काय राजे' म्हटल्याखेरीज बोलत नसे. मी घाई केली नाही. खबऱ्याला कळू द्यायचे नसते की त्याने काय दिले. हळूहळू घर, वाट, सगळे काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी जावयाने आकिहाबारा स्टेशनवर त्सुकुबाच्या गाडीत बसवून दिले. दार एका वयस्क जपानी बाईने उघडले. कमरेत वाकून नमस्कार केला, माझ्यापुढे सपाता ठेवल्या. मागून मामा आला. केस पांढरे, पाठीला बाक. मी नाव सांगितले.

"ये, ये. चहा घेशील ना? साखर किती? इथलं दूध जरा वेगळं लागतं हं," तो सुटलाच. 'काय राजे' नाही. चौकशीला आलेल्या पोलिसाला विचारायच्या आत चहा विचारणारी माणसे मी खूप पाहिली आहेत.

मी चहा घेतला आणि गप्प बसलो. गप्प बसण्याइतके दुसरे हत्यार नाही. फडताळावर लग्नाचा फोटो होता. बाई किमोनोत, शेजारी मामा, काळ्याभोर केसांचा, मिशी अगदी आमच्या कपाटातल्या फोटोतली. म्हणजे तो इथे आल्या आल्या बोहल्यावर चढला होता. आत्या तेव्हा स्थळे परतवत होती.

"भूकंपात तुम्ही किनाऱ्याकडे होता?" मी विचारले.

"किनाऱ्याकडे? छे, इथंच होतो. भांडी फुटली तेवढीच. फोन लागायला लागल्यावर पहिला ताईला केला."

"आईला? काय बोललात?"

त्याने कप खाली ठेवला. "ताई म्हणाली, मिळेल त्या विमानानं ये. मग सांगावंच लागलं, हिला टाकून कसा येऊ. तोवर ताईलाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, मला भाऊ नाही. आजपासून चंद्राला ओवाळीन."

म्हणजे आई शोक करत नव्हती. आत्याला खरे कळू नये म्हणून ती जिवंत भावाला मेलेला ठरवून वर्षानुवर्षे गच्ची चढत होती.

"आत्ता आत्याला फोन लावतो. तुमच्या तोंडानं एकदा सांगा," मी म्हणालो.

"आता काय उपयोग? तू सांग, गेला म्हणून. सगळेच सुटतील."

तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला. बाई काहीच न कळून माझ्यापुढे बिस्किटे सरकवत होत्या. निघताना त्यांनी अळूची पाने बांधून दिली. ती मी वाटेत टाकली. कचऱ्याच्या कोणत्या डब्यात टाकायची ते जपानात कळेना, तरी टाकली.

संध्याकाळी मी आत्याला फोन केला. आईने इतकी वर्षे राखलेले मी कशाला मोडू, असा विचार केला.

"मामा नाही गं. लाट आली तेव्हाच गेला."

ती म्हणाली, "त्यानंतर त्याचा फोन आला होता ना रे. वहिनी केवढ्यानं ओरडली होती. मी काय बहिरी होते?"

"म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं?" मी विचारले.

"तिला वाटायचं मला माहीत नाही. जिवाचा आटापिटा करून जिना चढायची बिचारी, म्हणून मी तबक धरायचे. बायको बरी आहे ना त्याची?"

"बरी आहे."

"मग हे 'गेला' तू मनानं नाही सांगितलंस. त्यानंच सांगायला लावलं. तेव्हा वहिनीच्या आड लपला, आता तुझ्या. पहिल्याच वर्षी मला कळवलं असतं, नाही जमत म्हणून, तर चार दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते. ठेवते. कुकरची शिट्टी होतेय."

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की कुणाचे मन जपायला म्हणून सांगितलेले खोटे बहुतेक वेळा ज्याने घाण केली त्यालाच जपते. आई, आत्या आणि मी, तिघांनी मिळून मामालाच सांभाळले. मामाने चोरी केली नाही, कुणावर हात उगारला नाही. सगळी नोकरी मी लोकांना कलमे लावण्यात घालवली, आणि ज्या एका माणसाची मला मनापासून चीड आली, त्याला लावता येईल असे एकही कलम नाही.