रीडिंग जुळवून देणारे कृष्णाजी

धारच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आजवर कोणी नापास झालेलं नाही. याचं श्रेय आम्हा प्राध्यापकांनी घेऊ नये, ते कृष्णाजींचं आहे. कृष्णाजी आमचे लॅब अटेंडंट. चौतीस वर्षं नोकरी झाली, येत्या जूनमध्ये निवृत्त होतील. त्यांचे पणजोबा पवारांच्या दरबारात घड्याळांना चावी द्यायला होते, आणि त्या नात्याने लॅबमधल्या सगळ्या घड्याळांवर ते आपला वडिलोपार्जित हक्क सांगतात.

लंबकाचा प्रयोग सायन्सला गेलेल्या कोणालाही आठवत असेल. दोऱ्याला गोळा टांगायचा, झोके मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. उत्तर नऊ पॉइंट आठच्या आसपास यायला हवं. कोणाचं आलं नाही की कृष्णाजी खिशातला खोडरबर काढत, पेन्सिलीने लिहिलेले आकडे पुसत आणि कुठल्या ओळीत किती सेकंद घातले की उत्तर जुळेल ते तोंडी सांगत. सगळा हिशेब मनातल्या मनात. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. माझे नऊ पॉइंट सहा त्यांनी जुळवून दिले, मला डिस्टिंक्शन मिळालं, आणि आज त्याच खोलीत मी नेहा मॅडम म्हणून मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देते. हसायचं असेल तर खुशाल हसा.

पण म्हणून कृष्णाजींना लबाड समजू नका. माणूस स्वप्नाळू. दुपारी मुलं गेली की ते एखादा लंबक हलवून सोडून देत आणि स्टुलावर बसून तो थांबेपर्यंत बघत राहत. प्रकाशाच्या प्रयोगांची अंधारी खोली त्यांची फार लाडकी. तिथे सोडियमचा दिवा लावला की सगळ्या वस्तूंचे रंग जातात, लालभडक स्वेटरही मातकट दिसतो. त्या पिवळ्या उजेडात ते डबा खात आणि मला विचारत, की रंग जातो म्हणजे नेमका कुठे जातो. मी समजावून सांगितलं की मान डोलवत. पटलेलं मात्र नसे.

यंदाच्या विज्ञान दिनाला मी विश्वाच्या प्रसरणावर बोलले. प्रोजेक्टर अर्थातच कृष्णाजींच्या ताब्यात. दीर्घिका, म्हणजे गॅलॅक्सी, एकमेकींपासून लांब चालल्या आहेत आणि हे प्रसरण दिवसेंदिवस वेग घेतंय, कशामुळे ते ठाऊक नाही, असं मी सांगितलं. विश्वाचा बराच मोठा भाग कशाचा बनलाय तेही ठाऊक नाही. मग प्रसरणाच्या आकड्याची गोष्ट सांगितली. काही शास्त्रज्ञांनी आकाशातला सगळ्यात जुना उजेड तपासून तो आकडा काढला, सदुसष्टच्या जवळपास. दुसऱ्यांनी तारे आणि त्यांचे स्फोट यांची अंतरं मोजत काढला, तो आला त्र्याहत्तरच्या जवळपास. दोघांनीही पुन्हापुन्हा मोजलं. कित्येक वर्षं झाली, दोन्ही आकडे जुळत नाहीत.

व्याख्यान संपल्यावर मुलं कचोरीकडे धावली. कृष्णाजी वायर गुंडाळत मागे थांबले. आधी त्यांनी विचारलं, की सगळंच पसरतंय तर देवासला बहिणीकडे जायला पुढे जास्त वेळ लागणार का. मी सांगितलं, धार-देवास पृथ्वीने घट्ट धरून ठेवलेत, उशीर होतो तो बसमुळे. ते हसले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, एवढे मोठे मोठे लोक. एकाने दुसऱ्याचा आकडा बघून जुळवून का नाही घेतला?"

"जुळवला तर कळणारच नाही ना," मी म्हटलं. "कोणाचं तरी माप चुकतंय, नाहीतर विश्वात असं काहीतरी आहे जे आपल्याला माहीतच नाही. न जुळणारा आकडा हाच आपल्याकडचा पुरावा."

त्यांनी अर्धवट गुंडाळलेली वायर टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

 तिसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये आले ते लंबकाच्या प्रयोगाचं एकमेव, चावीचं जुनं स्टॉपवॉच घेऊन. मोबाइलशेजारी ठेवून त्यांनी ते वीसदा तपासलं होतं. मिनिटाला अर्धा सेकंद पुढे पळत होतं. मी कागदावर गणित मांडलं. या घड्याळाने मोजलं तर हात कितीही पक्का असो, उत्तर नऊ पॉइंट त्रेसष्टच्या आसपासच येणार. म्हणजे वर्षानुवर्षं मुलं नीट मोजत होती आणि आम्ही पुसत होतो. प्रत्येकाचं उत्तर जुळत गेलं, म्हणून घड्याळाची चूक कधी कोणाला दिसली नाही. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नऊ पॉइंट त्रेसष्ट सीताचं आलं होतं," कृष्णाजी म्हणाले. "तीनदा."

सीता गंधवानीकडच्या एका खेड्यातली, अकरा वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला होती. तिच्या गावातून सायन्सला आलेली पहिलीच मुलगी. तिने आकडे बदलायला साफ नकार दिला. परीक्षक यायची वेळ झाली आणि ती पाणी प्यायला गेली, तेवढ्यात कृष्णाजींनी तिचा कागद पुसून नवे आकडे लिहिले. ती परत आल्यावर तिला समजावलं, की बेटा, तेरा हाथ अभी कच्चा है. तिला पैकीच्या पैकी मार्क पडले. जुलैमध्ये ती सायन्स सोडून बी.ए.ला गेली. आता कृष्णाजींना एकच गोष्ट करायची होती. तिला गाठून सांगायचं होतं, की तुझा हात कच्चा नव्हता, घड्याळ चुकत होतं. एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर चला म्हणाले.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळच्या बसने आम्ही तिच्या गावी निघालो. टेकड्यांवर पळस फुलला होता आणि झाडांखाली बायका मोहाची फुलं वेचत होत्या. त्या वासाने की बसच्या डुलण्याने, कृष्णाजींची तंद्री लागली. विश्व पसरतंय तर कशात पसरतंय, बाहेर काहीतरी असेलच ना, असं त्यांनी खिडकीकडे बघतच विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. ते म्हणाले, हे तुमचं 'ठाऊक नाही' ऐकायला फार बरं वाटतं, आपल्या लॅबमध्ये मी ते कधी कोणाला म्हणू दिलं नाही.  शर्टाच्या ज्या खिशात स्टॉपवॉच होतं, त्यावर हात ठेवून बसले होते.

सीता आता तिथल्याच एका शाळेत हिंदी शिकवते. तिने आम्हाला ओळखलं, ओसरीवर खुर्च्यांवर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः खांबाला टेकून उभी राहिली. कृष्णाजींनी घड्याळ तळहातावर ठेवून सगळं सांगितलं. वाटेत मनात घोकलेलं असावं, कारण मध्ये कुठे अडखळले नाहीत. माफीही मागितली.

सीताने घड्याळाकडे पाहिलं.

"घड़ी तेज़ है, ये तो मुझे उसी दिन पता था, काकाजी," ती म्हणाली. "मोबाइल से मिलाकर देखा था. रीडिंग के नीचे लिखा भी था मैंने. आपने पढ़कर मिटाया, तो मैं समझ गई कि यहाँ सच लिखने का कोई मतलब नहीं."

कृष्णाजींचा चेहरा मला बघवेना. अकरा वर्षं ही मुलगी काय समजून राहिली होती, ते आम्हा दोघांना एकदमच कळत होतं.

"पढ़ा नहीं था, बेटा," ते म्हणाले. "बस मिटा दिया."

"और पढ़ लेते तो?"

इथे त्यांना सहज जुळवून घेता आलं असतं. जे उत्तर तिला बरं वाटलं असतं ते समोरच होतं, आणि खरं सांगते, ते देऊन टाका असं मी मनातल्या मनात म्हणत होते. कृष्णाजींनी फार वेळ घेतला. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, लांब कुठेतरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

"तब भी मिटा देता," ते म्हणाले.

सीता आत गेली. एक खुर्ची उचलून घेऊन आली, ती कृष्णाजींच्या समोर ठेवली आणि बसली.