टवक्यांची कड

बहिणीला पाहायला रविवारी पाहुणे येणार होते. गुरुवारी वडिलांनी वसमतहून टीपॉयची काच आणली. दुकानात कडेचे नमुने मांडलेले होते: सरळ, गोल, उतरती. वडिलांनी चौथा प्रकार निवडला. त्यात कारागीर पकडीने कडेचे बारीक टवके काढतो आणि ते हाताला लागू नयेत म्हणून घासतो. कड फोडलेल्या दगडासारखी दिसते. या कामाला दोन दिवस लागले. वडील दोन्ही दिवस पाहायला गेले होते.

काच गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून त्यांनी एसटीने शिरड शहापूरला आणली. कंडक्टरने, फुटली तर आम्ही जबाबदार नाही, असे आधीच सांगितले होते.

गोधडी सोडली तेव्हा आत्या हजर होती. फुटकी काच घरात ठेवत नाहीत, हे तिला सांगावे लागत नाही.

"दादा, पाहुण्यांपुढं फुटकी काच मांडून राहिले काहून?"

ही फॅशन आहे, असे वडील म्हणाले. आत्याने फॅशनवर टेबलक्लॉथ घातला. वडिलांनी तो काढला. शनिवारपर्यंत हे चारदा झाले. आईने कोणाचीच बाजू घेतली नाही. तिला स्थळ हवे होते.

रविवारी टेबलक्लॉथ नव्हता. मुलाचे वडील बसले, पाणी प्यायले आणि कडेवरून बोट फिरवत गेले. एक कोपरा झाला, दुसरा झाला. मग सहानुभूतीने विचारले, "बसमधी फुटली का?"

आत्याने वडिलांकडे पाहिले. आईनेही पाहिले. वडील तीस वर्षे शाळेत शिकवत होते. खोटे बोलल्याबद्दल त्यांनी किती पोरांना उभे केले असेल, याची नोंद नाही.

"व्हय," ते म्हणाले. "खड्ड्यानं."

बहीण पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"न्हाई, काका," ती म्हणाली. "तशीच करून घेतली. बाबांना आवडली."

"मुद्दाम फोडली?"

"व्हय. दोन दिवस लागले."

त्यांनी बोट काचेवरून उचलून मांडीवर ठेवले. पुढचा अर्धा तास पाऊसपाण्यावर बोलणे झाले. पाहुणे गेल्यावर आत्याने टेबलक्लॉथ परत घातला.

बुधवारी फोन आला. मुलगी पसंत होती. अट एकच होती: रुखवतात काचेची वस्तू ठेवू नये.

वडिलांनी ती मान्य केली. मग जुना टूथब्रश घेऊन ते कडेतली धूळ काढत बसले.