जईखालचं बरसीम

फूलपतीला एकच घोर लागला होता: आपल्यामागे या जयकरणचं कसं होणार? वय एकेचाळीस, मिशी भरघोस, पण पोरानं वैरणीला विळा काही कधी लावला नव्हता.

पेरणी मात्र त्यानं झोकात केली होती. जई, म्हणजे ओट, पेरली, वाफ्यात पाणी उभं केलं आणि वर बरसीम या हिरव्या चाऱ्याचं बी फेकलं. पहिल्या कापणीला बरसीम फार निघत नाही, ती तूट जई भरून काढते. पंचावन्न दिवसांनी दोन्ही एकदम कापली की बरसीमला ऊन लागतं आणि ते वैशाखापर्यंत म्हशींना पुरतं.

आज सत्तरावा दिवस. जई छातीला लागली होती. जयकरण रस्त्याकडेला खाट टाकून, हुक्का ओढत तिची शोभा बघत बसे. स्वतःचा फोटो काढून घेताना गुडघ्यात जरा वाकून उभा राही, म्हणजे जई खांद्याला लागे.

"चौधरी, वैरण आहे की जंगल? आत वाघबिघ पाळलायस का?" शेजारच्या दयाकिशननं विचारलं.

"जळ, जळ!" जयकरण खुशीत म्हणाला.

फूलपती काठी टेकत बांधावर आली. तिनं जई बाजूला सारली. खाली बरसीम दोऱ्यासारखं बारीक, पिवळं पडलेलं.

"अरे, खालचं मरतंय! म्हैस पंधरवड्यात विणार. तिला काय तुझे फोटो घालू?"

"सुदेश येऊ दे की. कापेल ती."

"तुझी बायको भावाच्या लग्नाला गेलीय. तुला हात नाहीत?"

"म्हणजे मी डोक्यावर भारा घेऊन गल्लीतनं जाऊ? लोक काय म्हणतील, आई?"

फूलपतीला आठवलं. सात वर्षांचा असताना त्यानं एकदा हौसेनं विळा उचलला होता. 'बायकांचं काम आहे ते,' म्हणत तिनंच तो हिसकावून घेतला होता.

संध्याकाळी त्यानं बायकोला फोन लावला. ती परवा निघणार होती. जयकरणला एकदम हुरूप आला. त्यानं विळा शोधला, दगडावर घासला आणि ओट्यावर नीट मांडून ठेवला. तिच्यासाठी.

फूलपती त्या विळ्याकडे बघत राहिली. बरसीम अजून चार दिवस तग धरेल. हा मात्र सून परत आली की जन्मभर असाच राहील.

तिनं विळा उचलून त्याच्या उशाशी ठेवला. अंगणात येऊन फोन हातात घेतला. सुनेला सांगायचं होतं, पोरी, परवा निघू नकोस, आणि त्याचा फोन आला तर उचलूही नकोस.