मोठ्या जावयाची नजर

वैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे, सावलीपासून थेट भामरागडच्या जंगलापर्यंत, माझ्या साडूंइतकी अचूक नजर असलेला दुसरा माणूस नाही. हे विधान माझं नाही. ते माझ्या सासऱ्यांचं आहे, आणि सासरे भामरागडला कधी गेलेले नाहीत. पण गेली अठरा वर्षं, म्हणजे मी या घरचा धाकटा जावई झालो तेव्हापासून, दर दिवाळीला, दर बारशाला आणि एकदा तर तेरवीच्या पंगतीतही ते माझ्यासमोर करण्यात आलं आहे. मी सिंदेवाहीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे वारंवार केलेलं विधान पुराव्याशिवाय खरं कसं होतं, याची मला चांगली कल्पना आहे. तरीही ते ऐकताना मला जे वाटे त्याला मत्सर हाच शब्द आहे. मी दुसरा शोधून पाहिला.

साडू गडचिरोलीला एका सशस्त्र दलात आर्मोरर होते. आर्मोरर म्हणजे गोळी झाडणारा नव्हे. ज्याची रायफल अडली, गंजली किंवा उगाच डावीकडे मारायला लागली, तो जवान ज्याच्याकडे येतो तो माणूस. शस्त्रागाराला तिथे कोत म्हणतात. त्या कोतात साडूंनी तीस वर्षं काढली. नेम आणि गोळी एकाच जागी पडावी म्हणून रायफलीचं पुढचं लोखंडी टोक केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवायचं, याला ते ‘झिरो करणं’ म्हणत. आणि जवान त्यांना उस्ताद म्हणत. अडचण अशी होती की साडू घरी आल्यावरही झिरो करत. भिंतीवरची तसबीर, मांडवाचे खांब, बैलगाडीचं जू, ताटातला पापड, सगळ्याकडे ते डावा डोळा मिटून पाहत आणि केसभर सरकवत. माझ्या मेहुण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाट धरणाऱ्या दोघांना थांबवलं. “डावीकडून एक बोट खाली घ्या जी,” ते म्हणाले. भटजीही थांबले. अंतरपाट सरळ झाला, मग लग्न लागलं. तो संसार आज सुखाचा चालला आहे, आणि मामाजी, म्हणजे आमचे सासरे, त्याचं श्रेय कोणाला देतात हे सांगायला नको.

त्यांची दुसरी खोड नेलपॉलिशची. कोतात ते प्रत्येक स्क्रू घट्ट आवळला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढत. स्क्रू जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, आणि जवानाला जंगलात निघण्यापूर्वीच कळतं. शहाणपणाची गोष्ट आहे. पण सासरच्या घरातला पंखा, कुकरचा दांडा, शिलाई मशीन आणि मामाजींच्या आरामखुर्चीचे चारही पाय या शहाणपणात सामील झाले होते. मेहुणीबाई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, कुठल्याही कार्याला उघड्या नखांनी येत, कारण बाटली कायम कोतात. एकदा साडूंनी माझ्या स्कूटरवर सव्वीस रेघा ओढल्या आणि म्हणाले, “सरजी, स्क्रू माणसापेक्षा इमानदार असते. ढिला झाला तं रेघ तुटते. माणसाले रेघ कुठी ओढसाल?” हे वाक्य मला सुचायला हवं होतं. मी पीएच.डी. आहे. पंधरा दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात होतं, आणि शेवटी मी ते वर्गात माझं म्हणून वापरलं.

सासरी माझ्या ज्ञानाला मागणी नव्हती असं नाही. मामाजी मला औषधाच्या पाकिटावरची शेवटची तारीख वाचायला सांगत. पण विहिरीवरचा पंप, धानाचं मळणीयंत्र, एका चुलत मेहुणीला आलेलं स्थळ, असलं काही निघालं की ते म्हणत, “मोठ्या जावयाले येऊ द्या. तो पाह्यल.” मी समोर बसलेला असे. एकदा तर एका निवडणुकीत कोण येणार यावर चर्चा चालली होती, आणि राज्यशास्त्राचा प्राध्यापक हाताच्या अंतरावर असताना त्यांनी गडचिरोलीला फोन लावला. साडूंनी सांगितलेला माणूस पडला. “नजर बरोबरच होती,” मामाजी म्हणाले, “लोकंच चुकले.”

आणि मग रायफलींना नव्या सायटी आल्या.

साडूंच्या तोंडून हे प्रकरण मी इतक्यांदा ऐकलं की आता मलाही थोडं समजतं. जुन्या रायफलीच्या पाठीवरचं पत्र्याचं झाकण काढायचं आणि त्या जागी नवं बसवायचं. त्यावर बोटभर रुंदीची, कंगव्यासारख्या खाचांची लोखंडी पट्टी असते. तिला रेल म्हणतात. त्या रेलवर छोट्या काचेच्या खिडकीसारखी सायट चढवायची. आत पाहिलं की काचेत एक लाल ठिपका तरंगतो. तो लक्ष्यावर ठेवायचा, झालं. मागची खाच नाही, पुढचं टोक नाही, श्वास रोखून दोन्ही जुळवणं नाही. वर सूचना अशी की दोन्ही डोळे उघडे ठेवा. ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना एक डोळा मिटायला शिकवलं, त्याला हे सांगण्यात आलं. जवान पोरं खूश होती. पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, “उस्ताद, आता तं आंधळ्याचाही नेम लागते.” त्या रविवारी साडू घरी आले. ओसरीवर टेकताच म्हणाले, “काचेनंच पाहाचं असंन तं माणूस कायले पाह्यजे जी?” त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी ओळखला. अठरा वर्षं तो माझ्याच चेहऱ्यावर होता. ज्या माणसाचा मी हेवा करत होतो, तो एका काचेचा हेवा करत होता. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईटही वाटलं.

पण हाताने त्यांनी कसूर केली नाही. प्रत्येक झाकण दहा वेळा काढलं, दहा वेळा बसवलं. दर वेळी रेल जागच्या जागी येते का, हे बोटाने, कागदाच्या पट्टीने आणि नेहमीच्या त्या रेघेने पाहिलं. जी डुलत होती ती घासून बसवली. मग सायटी चढवल्या, आत पाहिलं, आणि जाहीर केलं की सगळा माल खराब आहे. लाल ठिपका गोल असायला हवा. हा फाटलेला होता. एका बाजूला उसवलेला, वर तिरपी शेपटी. एका सायटीचा नव्हे, सगळ्याच्या सगळ्या सायटींचा. सगळ्यांची शेपटी एकाच दिशेला. त्यांनी दोन जवानांना बोलावून दाखवलं. दोघांनी पाहिलं आणि म्हणाले, “होजी उस्ताद, फाटलाच हाय.” साडूंनी सुवाच्य अक्षरात तीन पानी अहवाल लिहिला. माल परत जाणार, तपासायला बाहेरून इंजिनिअर येणार. सगळ्या वस्तू दोषी आणि मूळ साक्षी एकच, यात काहीतरी गोम आहे हे माझ्या विषयाच्या माणसाला तरी तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण मी तेव्हा एवढंच पाहत होतो की मामाजी हा किस्सा शेजाऱ्यांना तिसऱ्यांदा सांगत आहेत. “कंपनीवाल्याची चोरी मोठ्या जावयानं एका डोळ्यानं पकडली!”

अहवाल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. दसऱ्याला शस्त्रपूजा असते आणि त्या दिवशी घरच्या मंडळींनाही बोलावतात. आम्ही सगळे गेलो. लांब टेबलावर हिरवं कापड, त्यावर रिकाम्या रायफली ओळीने, प्रत्येकीला झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. ओळ अर्थातच केसभरही वाकडी नव्हती. पूजा झाली, पेढे वाटले गेले, मंडळी पांगली, आणि साडूंनी एक सुटी सायट उचलून मामाजींच्या हातात दिली. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांनी सायट उलटी धरली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “फाटलाच हाय. तुम्ही सांगतला तसाच.” मग ती माझ्याकडे आली.

ठिपका गोल होता. गुंजेच्या दाण्यासारखा लाल, गोल, स्वच्छ. मी सायट थोडी लांब धरून पाहिली, दुसऱ्या डोळ्याने पाहिलं. गोलच.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आधी आनंद झाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा साडू चुकले होते, मी बरोबर होतो आणि मामाजी चार पावलांवर उभे होते. मोठ्याने बोलायचं म्हणून मी श्वाससुद्धा घेतला. पण तोंडातून आवाज निघाला तो हळूच. “भाऊजी, मला तर गोल दिसून राहिला.”

“पुन्हा पाहा.”

“गोलच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा हेवा करतो हे त्यांना बहुधा पहिल्या दिवसापासून माहीत असावं. त्यांचं काम बारीक फरक ओळखण्याचंच होतं. पण मी मुद्दाम खोटं बोलणार नाही, हेही त्यांना माहीत असावं. ते वाद घालत बसले नाहीत. त्यांनी सायट हातात घेतली, डोळ्यापुढे धरली आणि हळूहळू आडवी फिरवली. मग सायट स्थिर ठेवली आणि स्वतःचं डोकं एका खांद्याकडे कलवलं. पुन्हा दुसऱ्या खांद्याकडे. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की उस्ताद कुठलीतरी नवी पूजा करत आहेत. मग त्यांनी सायट हिरव्या कापडावर ठेवली.

“शेपटी सायटीत असती तं सायटीसंगं फिरली असती,” ते म्हणाले. “ते माह्या डोक्यासंगं फिरून राह्यली. डोळ्यात हाय, सरजी.”

निवृत्तीला आठ महिने राहिले होते. डोळा बिघडलेल्या आर्मोररला कोतात कोण ठेवेल? उरलेले आठ महिने आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारत काढावे लागतील, एवढं मलाही समजत होतं. आणि उद्या तो अहवाल गेला असता तर बाहेरून आलेल्या कुठल्याशा इंजिनिअरने, सगळ्या कोतासमोर, पाच मिनिटांत हेच सांगितलं असतं. साडू इतकंच म्हणाले, “मामाजीले सांगू नोका जी.”

तेवढ्यात मामाजी आलेच. “काय झालं? काऊन उभे राह्यले दोघंही?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मलाही फाटकाच दिसला.”

“मंग!” मामाजी म्हणाले. “मोठ्या जावयानं सांगतलं म्हणल्यावर काय पाहाचं राह्यते?”

दोन जवानांनी आदरापोटी जे केलं, तेच मी केलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा त्याग असावा, आणि त्याला साक्षीदार एकच होता. तो साक्षीदार दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांकडे गेला, अहवाल फाडला आणि स्वतःच्या डोळ्याचं सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, “अहो उस्ताद, मग चष्मा करून या ना.” बस. डॉक्टरांनी सिलिंडरचा, म्हणजे वाकड्या बुबुळाचा, नंबर काढला. लोखंडी खाचेतून पाहताना जे इतकी वर्षं झाकून राहिलं होतं, ते काचेतल्या ठिपक्याने उघडं पाडलं, असं त्यांचं म्हणणं. चष्मा लावून साडूंनी सगळ्या सायटी झिरो केल्या. एकही परत गेली नाही.

मी मात्र बायकोलाही काही बोललो नाही. मामाजींसमोर तीन आठवडे तोंड शिवून बसलो. मग दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली, रात्रीच्या नाटकाआधी सगळं घर अंगणात जमलं, आणि साडू चष्मा लावून आले व त्यांनी पेढ्यापासून डोकं कलवण्यापर्यंत सारं काही सगळ्यांसमोर, हसत हसत सांगितलं. “सरजीनं सांगतलं नसतं तं माही इज्जत गेली असती,” हेही प्रामाणिकपणे सांगितलं. मामाजींनी डोळे पुसले. “दुसऱ्याचा दोष कोणीही पाह्यते,” ते म्हणाले, “सोताच्या डोळ्यातला दोष सोताच्याच डोळ्यानं पकडणारा माणूस पाह्यला काय कोणी?” कोणी पाहिला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. “आन् तुम्ही तं मले फाटका दिसला म्हणले होते.”

या उन्हाळ्यात साडू निवृत्त झाले. त्यांनी बसवलेल्या रायफली आता जंगलातल्या कुठकुठल्या चौक्यांवर आहेत. कोणती कुठे गेली, हे विचारायची त्यांना मुभा नाही आणि ते विचारतही नाहीत. कधी गडचिरोलीहून बसने येतात, आमच्या ओसरीवर बसतात, समोरच्या धानाच्या बांध्यांकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत राहतात. काही सरकवत नाहीत. मी चहा आणतो, आणि ते उठून गेले की ओसरी मोठी वाटते.

मामाजींच्या आग्रहावरून मीही त्याच डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझ्या दोन्ही डोळ्यांत काहीही दोष नाही.