पोपटी चेहऱ्याचं बाळ

मांडवीतले अनिल शिवलकर वीजमंडळात तीस वर्षं वायरमन होते. रिटायर झाले तरी विजेचा धाक काही त्यांच्या अंगातून गेला नाही. रोज संध्याकाळी घरातली सगळी यंत्रं भिंतीवरच्या बोर्डावरून बंद. "आकाशातली वीज सांगून येत नाही," हे त्यांचं वाक्य आमच्या अख्ख्या आळीला पाठ आहे. लेक मृणालीने पुण्याहून फोटो छापायचा प्रिंटर पाठवला, तेव्हापासून आळीतल्या प्रत्येक बारशाचे फोटो काकांकडे. फोटो फुकट, उपदेशही फुकट.

त्या दिवशी सकाळी माझ्यासमोरच शेजारचा हर्षद काकांकडे आला. तो बोटीवर असतो. चारच्या गाडीने मुंबईला जायचं आणि तिथून नऊ महिने समुद्रावर. आदल्या दिवशीच त्याच्या लेकीचं बारसं झालं होतं, नाव सानवी. मागच्या खेपेला मोबाइल पाण्यात पडला नि घरच्यांचे सगळे फोटो गेले, म्हणून या वेळी त्याला लेक कागदावर हवी होती.

फोटो आला. बाळ पोपटी, तोंडावर आडव्या पांढऱ्या रेघा.

"काका, ही कैरीसारखी दिसतेय हो!" हर्षद हसला, पण ते हसू उसनं होतं.

काका पेटले. कागदाची बाजू बदलली. शाई बघितली, ती भरपूर. सफाईचं बटण तीनदा दाबलं. मध्ये मध्ये प्रिंटरला, कागदाला, खाऱ्या वाऱ्याला शिव्या. स्वतःकडे माणूस सगळ्यात शेवटी बघतो. अखेर काकूंनीच मृणालीला फोन लावला.

तिने एकच विचारलं, "बाबा, प्रिंटर बंद कसा करता?"

"कसा म्हणजे? बोर्डावरून!"

"अहो, त्याच्या स्वतःच्या बटणाने करायचा! तेव्हाच तो शाईचं तोंड झाकून ठेवतो. बोर्डावरून केलात की ते उघडंच राहतं. लाल शाई सुकलीय, म्हणून बाळ पोपटी."

म्हणजे गोंदाच्या बाटलीला बूच न लावण्यातला प्रकार. मला हसू येत होतं, पण हर्षदचा चेहरा बघून गिळलं.

मृणालीने सांगितल्याप्रमाणे प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केला. आता तीन तास हात लावायचा नाही, सुकलेली शाई भिजू द्यायची. ते तीन तास काकांनी कसे काढले देव जाणे. एक वाजता पुन्हा सफाई केली, चाचणीचा कागद काढला. लाल रेघ तुटक. आणखी एकदा सफाई. या वेळी सगळ्या रेघा सलग!

मग सानवी बाहेर आली, गुलाबी गालांची, कपाळाला काळी तीट लावलेली. काका धपकन खुर्चीत बसले. "सुटलो रे बाबा," म्हणाले. आम्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. काकूंनी चहा टाकला.

हर्षद फोटो कडेने धरून बघत राहिला. दोन वाजून गेले, बॅग भरायची होती, तरी उठेना.

"काका, आणखी एक काढाल?"

"एक काय, दहा काढतो! कुठला?"

"माझा. पाळण्यापाशी लावायला सांगतो. नऊ महिन्यांनी येईन तेव्हा मला बघून रडायला नको ती."