खालचा आकडा

भूकंपानंतर काही वर्षांनी मी लातूरला नर्सिंगला गेले. तेव्हा शहरात कोचिंग क्लासचं पेव फुटलं होतं. डॉक्टर व्हायला आलेली पोरं गल्लोगल्ली, आणि क्लासच्या पाट्यांवर ‘अशक्य काहीच नाही’. ते वाचून माझं डोकं उठायचं. मला साधं बीपी घेता येत नव्हतं.

दंडाला पट्टा बांधून फुगवायचा आणि हळूहळू हवा सोडायची. ठोके ऐकू येऊ लागतात तो वरचा आकडा, थांबतात तो खालचा. वरचा मी बिनचूक सांगायची. पण ठोके बारीक होऊ लागले की माझा हात आपोआप उठायचा आणि मी स्टेथोस्कोप कानांतून उपटून काढायची.

कारण ते ठोके मी आधी ऐकले होते. आमचं घर पडलं त्या सकाळी मी ढिगाऱ्याला कान लावून बसले होते. आत धाकटा भाऊ दगडावर दगड आपटत होता. टक्, टक्. मग हळू. मग नुसती माती. आता वॉर्डात अनोळखी माणसांच्या दंडांतून तोच दगड वाजायचा, तसाच दमत दमत.

प्रॅक्टिकलला नापास झाले असते तर परत गावाकडं, पत्र्याच्या शेडमध्ये. शेवटी ट्यूटर बाईंना रडत सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील हे काम तुझं नव्हे. बाई बिलोलीकडच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी स्वतःची बाही वर केली.

"जमत न्हाई म्हणू नको. अजून जमलं न्हाई, इतकंच हाय. आवाज थांबला की माझ्या तोंडाकडं बघ."

रोज जेवणाच्या सुट्टीत हेच. ठोके थांबायच्या बेतात यायचे, बाई पापणी न लववता माझ्याकडं बघत बसायच्या, आणि मला त्यांचीच भीती वाटायची. कितीदा तरी मी मध्येच उठून पळाले. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा बाही वर करून तयार.

परीक्षेला खाटेवर एक म्हातारी डोळे मिटून पडलेली. ठोके सुरू झाले, बारीक झाले. हात उठू लागला, तो मी तिच्या कोपरापाशीच दाबून धरला. टक्. टक्. मग काहीच नाही. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ते हलेना. परीक्षक आकडा विचारत होते.

म्हातारीनं एक डोळा उघडला. "काय गं माय, मेले का काय मी?"

"न्हाई आजी," मी म्हणाले, आणि खालचा आकडा सांगितला.